एकटीसाठीही कुकर लाव

प्रिय आत्या,


काका गेल्यापासून तुझ्याकडे कुकर क्वचितच लागतो. 'एकटीसाठी कशाला घाट' म्हणतेस आणि रात्री चहात बटर बुडवून निजतेस. काका अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते तेव्हा पहाटे उठून वरण, भाजी, उसळ सगळं व्हायचं. सगळे जेवले की तू बसायचीस, उरलंसुरलं घेऊन. आपल्या घरांनी त्यालाच बाईचं शहाणपण मानलं, याचा मला राग येतो. आता घरात मागे कुणी जेवायचं नाही, तरी तुझा हात आखडलेलाच.

सत्तरीत भूक मंदावते, तहानही कळत नाही. स्नायू मात्र झिजत असतात. ते टिकवायला वजनाच्या दर किलोमागे साधारण 1 ग्रॅम प्रथिनं रोज पोटात जायला हवीत. तुझं वजन 50 किलो धरलं तर 50 ग्रॅम. घट्ट वरणाच्या वाटीतून 6-7 ग्रॅम मिळतात, पेलाभर दुधातून तितकीच. चहा-बटरवर हा हिशेब कसा जुळायचा?

त्यात सोमवार, चतुर्थी, एकादशी. उपास सोड असं मी म्हणणार नाही, जरी म्हाताऱ्या माणसाला सूट आपल्याच परंपरेने दिलेली आहे. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसतं पिष्ट. त्याऐवजी वरीचा भात आणि दाण्याची आमटी कर, वर दूध घे. साखरेच्या गोळ्या चालू आहेत, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय निरंकार राहू नकोस.

आणि शेजारच्या सिंधी अम्मा! फाळणीनंतर त्यांचे आईवडील कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकीत आले. 1949 मध्ये त्या छावणीला उल्हासनगर नाव मिळालं. इतकी वर्षं तुमची भिंत एक, पण त्यांच्याकडे मासळी शिजते म्हणून तू तिथे पाण्यापलीकडे काही घेत नाहीस. त्यांची साईभाजी ठाऊक आहे ना? पालक, चुका, शेपू, हरभऱ्याची डाळ, सगळं मऊ शिजवून घोटलेलं. कवळीला त्रास नाही, वर डाळीचं बळ. त्यांची मुलंही दूर आहेत, त्याही एकट्याच जेवतात. त्यांच्या घरी जेवायला जीव धजत नसेल तर त्यांनाच तुझ्या स्वयंपाकघरात बोलव. त्या साईभाजी करतील, तू भात लाव. समोर माणूस असलं की दोन घास जास्त जातात, तुलाही आणि त्यांनाही.

शनिवारी बदलापूरहून येताना शेपू आणि चुक्याच्या जुड्या आणते. अम्मांना आजच सांगून ठेव, आणि सकाळी डाळ भिजत घाल.

तुझी लाडकी भाची