काचेतलं पाणी आणि खाचरातलं पाणी

आज विषय युरियाचा, पण सुरुवात माशांच्या टाकीपासून करतो.

पुतण्याने पडवीत दोन फुटांची काचेची टाकी मांडलीय. मासे नावाला, चार गप्पी. बाकी सगळी झाडं. त्यातली एक रोटाला म्हणून, बारीक पानांची. बेणणीला आपण जे उपटून बांधावर फेकतो त्याच जातकुळीतली. त्याने ती मुंबईहून विकत आणली. असो.

जूनमध्ये टाकीची कळा गेली. काचेवर शेवाळ, पानांना केसांसारखे हिरवे धागे, खालची पानं पिवळी. पिवळं पान दिसलं की आपल्या घरातल्या माणसाला दुसरं काही सुचतच नाही. "काका, चिमूटभर युरिया टाकू का?" म्हणत तो गोणीकडे निघाला. मी म्हटलं, थांब. युरियाचा पाण्यात अमोनिया होतो. खाचरात तो पसरतो, उडतो, चिखलात बसतो. एवढ्याशा टाकीत मासेच मरायचे. कोणाच्या घरी टाकी असेल तर शेतातलं खत तिच्यापासून लांब ठेवा.

त्याचा दिवा बारा तास चालू असायचा. दुकानदाराने सांगितलेलं, उजेड जास्त तेवढी वाढ जास्त. अर्धंच खरं आहे. उजेड झाडाला पळवतो, पण पळायला अन्न लागतं आणि कार्बन डायऑक्साइडही लागतो. हवेत तो दहा लाखांत 420 भागांच्या आसपास. हवेला लागून असलेल्या पाण्यात तो लिटरला जेमतेम अर्धा मिलिग्रॅम, आणि स्थिर पाण्यात सरकतो हवेपेक्षा साधारण दहा हजार पट हळू. म्हणजे पानाजवळचा संपला की पान उपाशी. मग उरलेला उजेड आणि उरलेलं खत कोणाचं? शेवाळाचं. त्याचं पोट लहान, थोडक्यात भागतं.

आता हेच खाचरात बघा. लावणी झालीय, रोप लहान, पाणी उघडं, दोन दिवस ऊन पडलं आणि आपण वरून युरिया फोकला. शेवाळ येतं ते त्यामुळे. दिवसा ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खाऊन टाकतं, दुपारपर्यंत पाणी अल्कधर्मी होतं आणि अशा पाण्यातून अमोनिया वायू होऊन उडतो. पैसे आपले, खत हवेत. डॉ. ना. कृ. सावंतांच्या चारसूत्रीत युरिया-डीएपीची ब्रिकेट चार चुडांच्या मधोमध सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायला सांगतात ती याचसाठी. भाताचं पान हवेत, त्याला वायूची ददात नाही. अन्न मुळाशी चिखलात मिळतं. वरच्या पाण्यात शेवाळाला फारसं काही उरत नाही.

उजेडाचंही तसंच. माणगावकडे कालव्यावर उन्हाळी भात होतो, तो खत चांगलं पचवतो, कारण ऊन आहे. आपल्याकडे जुलै-ऑगस्टच्या काळोख्या आभाळात तेवढाच युरिया मारला की पान काळंशार आणि लुसलुशीत होतं, मग करपा येतो, मग भात लोळतो. शेजारी म्हणतात, काय हिरवं दिसतंय! दिसतंय खरं.

टाकीत आम्ही आधी दिवा सहा तासांवर आणला. दर आठवड्याला अर्धं पाणी बदलायचं, विहिरीचंच. टाकीसाठी मिळतात त्या खताच्या गोळ्या मुळाशी पुरल्या, ब्रिकेटसारख्याच. वायूसाठी त्याने साखर-यीस्टची बाटली लावली. रात्री नळी बाहेर काढून ठेवायची, कारण अंधारात झाडंही कार्बन डायऑक्साइडच सोडतात. एका सकाळी विसरलेली नळी आतच होती, गप्पी वर येऊन तोंड मारत होते. लगेच पाणी ढवळलं, वाचले.

तीन आठवड्यांत नवी पानं स्वच्छ आली. जुनी सुधारत नाहीत, कापली. एका दगडावर धागे आहेत अजून. त्याला आता वायूचा सिलिंडर हवाय. मी म्हटलं, सहा तासांच्या उजेडाला बाटली पुरतेय, दिवा वाढवणार असशील तर बोल.

वरच्या दोन खाचरांत ब्रिकेट आहे. खालच्या तिनांत माणसं मिळाली नाहीत म्हणून युरियाच. त्याचा दुसरा हप्ता बाकी आहे, गोणी पडवीत पडून आहे. आभाळ उघडलं की पाणी उतरवून देईन.