तीन फोटो

आमचा एक फोटोवाल्यांचा ग्रुप आहे. सगळे हौशी. तिघं माझ्यासारखे आयटीवाले, एक सीए, एक दातांची डॉक्टर आणि पन्नाशीतले एक काका. ट्रिपहून आलं की रविवारी संध्याकाळी काकांकडे जमायचं आणि टीव्हीवर फोटो बघायचे. नियम एकच, प्रत्येकाने फक्त तीन फोटो दाखवायचे. एक प्राण्या-पक्ष्याचा, एक लँडस्केप, एक मॅक्रो. आठशे क्लिक्समधून तीन निवडायचे म्हणजे काय वैताग असतो, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. असो.

यंदा मे महिन्यात आम्ही चाळकेवाडीला गेलो होतो. साताऱ्याहून सज्जनगड मागे टाकून, ठोसेघरच्याही पुढे गेलं की जांभ्या दगडाचं मोठ्ठं पठार लागतं. पावसाळ्यात लोक धबधबा बघायला येतात. मेमधल्या रणरणत्या उन्हात तिथे लोळण घ्यायला मात्र आमच्यासारखे वेडेच लागतात. कारण? सरडा!

हा आपला कुंपणावरचा सरडा नव्हे हं. पावसाच्या आधीच्या दिवसांत याचा नर दगडावर चढतो आणि गळ्याखालचा पंखा फुलवतो. निळा, काळा, नारिंगी. मादीला पटवायचं आणि दुसऱ्या नराला दम द्यायचा, यासाठी हा सगळा थाट. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी ही वेगळी प्रजाती असल्याचं जाहीर केलं आणि नाव दिलं 'सारडा सुपर्बा'. म्हणजे चक्क आपला मराठी सरडा! वाचून उगाचच कॉलर ताठ होते.

तर माझा पहिला फोटो या महाशयांचा. पोटावर सरपटत मी इतका जवळ गेलो तरी पठ्ठ्या हलला नाही. टीव्हीवर फोटो आला आणि सगळे म्हणाले, "काय डेअरिंग आहे रे याचं!" एका मित्राने लगेच लॅपटॉप ओढून सॅच्युरेशन वाढवलं. "निळा फिका वाटत होता, आता बघ." खरंच भारी दिसत होता. मी म्हटलं, आहे तसाच राहू दे.

कारण सांगतो. पठारावर सगळीकडे पवनचक्क्या आहेत. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी याच सरड्यांवर अभ्यास केला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या आणि नसलेल्या जागांची त्यांनी तुलना केली. पवनचक्क्यांजवळ शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी होते. खाणारं कोणी नाही म्हटल्यावर सरडे जास्त, आणि माणूस बराच जवळ येईपर्यंत ते पळत नव्हते. पण तोंडं वाढली की खाणं वाटून घ्यावं लागतं. हे सरडे अंगाने बारीक होते आणि नरांचे रंगही फिके होते.

म्हणजे आम्ही ज्याला डेअरिंग म्हणत होतो, ते आकाश रिकामं झाल्याचं लक्षण असू शकतं. आणि जो फिकेपणा आम्ही स्लायडरने पुसत होतो, तीच या फोटोतली खरी बातमी असू शकते. आमच्या धंद्यात लॉगमधली एररची ओळ डिलीट करून "सगळं ओके आहे" असं कोणी सांगितलं तर त्याला आपण काय म्हणू?

मित्र चिडला. "अरे, आपण फोटो काढतो, पंचनामा नाही करत!" त्याचंही अगदीच चुकीचं नाही. एका सरड्याच्या फोटोवरून काही सिद्ध होत नाही. ऊन, सावली, त्या सरड्याचं वय, कशानेही रंग बदलतो. आणि पवनचक्की वाईट असंही मला म्हणायचं नाही. ज्या विजेवर माझी कॅमेऱ्याची बॅटरी चार्ज होते, ती कोळशाची असली की त्याचीही किंमत कुणीतरी कुठेतरी मोजतोच. पण फोटो बघणारा आपल्यावर विश्वास ठेवून बघतो. त्याला वाटतं, हे असंच होतं. निदान या प्राण्याच्या बाबतीत तरी तो विश्वास मला मोडायचा नाहीये, कारण याचा रंग म्हणजे नुसती शोभा नाही, त्याच्या तब्येतीचा रिपोर्ट आहे.

यावर काका एवढंच म्हणाले, "तिन्ही एकापाठोपाठ लाव बघू." दुसरा फोटो पवनचक्क्यांच्या रांगेचा, मागे कोरं आकाश. तिसरा मॅक्रो, जांभ्याच्या भेगेतून काडी ओढत नेणारी मुंगी. मुंग्या आणि किडे हेच सरड्याचं जेवण. वाइल्डलाइफ, लँडस्केप, मॅक्रो असे आमचे तीन कप्पे, पण पठारावर ही एकच गोष्ट होती. वर कोण नाही, मध्ये कोण वाढलं, खाली काय कमी पडतंय.

वाढवलेल्या सॅच्युरेशनवाला फोटो मित्राच्या लॅपटॉपवर वॉलपेपर म्हणून सुखात आहे. माझ्याकडे फिका आहे, खाली तारीख आणि 'पवनचक्क्यांजवळ' एवढी नोंद. तुम्ही कधी मेमध्ये तिकडे गेलात तर फोटो जरूर काढा. फक्त सरडा किती जवळ येऊ देतो ते बघा, आणि मग मान वर करून एखादी कापशी घार दिसतेय का तेही बघा.