वीतभर पोकळी

मी या वसतिगृहात होतो तेव्हा अभ्यासिकेवर पत्रे होते. मार्च सरत आला की दुपारी तेथे बसवत नसे. एका उन्हाळ्यात भन्तेजींनी आम्हा मुलांना हाताशी घेऊन पत्र्यांखाली बांबूच्या तट्ट्या बांधल्या. पत्रा आणि तट्टी यांत वीतभर अंतर राखले आणि दोन्ही टोकांना वाऱ्याला वाट ठेवली. असे का, हे विचारण्याची बुद्धी मला तेव्हा झाली नाही.

पुढे मी इमारतींच्या काचांचे काम करू लागलो. संस्थेने नवी अभ्यासिका बांधायचे ठरविले, तेव्हा सौरघट बसविलेल्या काचांचे छप्पर मीच सुचविले. वीज मिळेल, मंद उजेड मिळेल, निराळे छप्पर नको, असा माझा हिशेब. डिसेंबरात उद्घाटन झाले, कौतुकही झाले. मे महिन्यात आलो, तर मुले वह्या घेऊन कडुनिंबाखाली बसलेली.

चूक माझी होती, आणि अगदी प्राथमिक होती. खिडकीच्या एकेरी काचेच्या दोन बाजूंच्या तापमानात एका अंशाचा फरक असला, की दर चौरस मीटरमागे सुमारे ५.७ वॅट उष्णता पार होते. दोन काचांमध्ये कोरडी हवा कोंडली तर हा आकडा जवळपास निम्मा होतो. एका काचेवर उष्णतेचे प्रारण रोखणारा लेप आणि पोकळीत आरगॉन वायू असेल, तर सव्वाच्या आसपास उतरतो. माझ्या पॅनेलमध्येही काचा दोनच होत्या. पण सौरघट त्यांत चिकट थराने जखडलेले, मध्ये पोकळी नाहीच. उष्णतेच्या लेखी ती जवळजवळ एकेरी काच. त्यात उन्हाचा जेमतेम पाचवा हिस्सा विजेत जातो; उरलेल्यातील बहुतेक पॅनेल तापविण्यात. भर उन्हाळ्यात ते ७० अंशांपर्यंत चढते आणि मुलांच्या डोक्यावर शेगडीसारखे धगधगते. वीजही घटते: २५ अंशांवर दर अंशाला सुमारे ०.४ टक्के, म्हणजे ७० अंशांना १८ टक्के!

भन्तेजी आता थकले आहेत. मी मान खाली घालून सारे सांगितले. ते रागावले नाहीत. "आपल्या तट्ट्या आठवतात का रे?" एवढेच म्हणाले.

कोंडलेली हवा उष्णता अडविते, वाहती हवा ती घेऊन जाते. पॅनेलखाली मला दुसरी हवी होती. त्याच सुटीत वीतभर अंतर सोडून खाली उष्णतारोधक तक्तपोशी केली. वळचणीला आणि आढ्याला झरोके काढले. वरचा उजेड गेला, म्हणून उत्तरेच्या भिंतीत दुहेरी काचेची खिडकी घ्यावी लागली. तो खर्च मी दिला. ते देणेच होते.

यंदा मे महिन्यात दुपारी तीनला मुले आत बसली होती. आढ्याचा एक झरोका मात्र पावसात ठिबकतो. आषाढापूर्वी येऊन पाहतो.