थप्पी सांगत होती

सप्टेंबर 2024 मध्ये मी धंद्याचे पैसे शेअर बाजारात लावले. 27 तारखेला सेन्सेक्स 85,978 पर्यंत चढला होता. नागपूरजवळ वाडीत अमरावती रोडला माझं गोडाऊन आहे. साबण, बिस्किटं, तेल इथे उतरतं आणि विदर्भभर जातं. शेअर घेतले तेही असाच माल बनवणाऱ्या कंपन्यांचे. आपल्या लाइनीतल्या कंपन्या आपल्याला कळतात, असं मी घरी छातीठोकपणे सांगितलं होतं.

दसऱ्याच्या तोंडावर आमच्याकडे आलेला माल टिकत नाही. त्या वर्षी बिस्किटांच्या थप्प्या छताला टेकल्या होत्या. खालच्या पेट्यांवर तारीख जुलैची होती. मुनीम म्हणाला, "भाऊ, यंदा माल हालूनच नाही राहिला. यवतमाळचे व्यापारी मागचं पेमेंटही देऊन नाही राहिले."

दिवाळीत निघेल, असं म्हणून मी विषय संपवला. त्याच आठवड्यात ब्रोकरकडून मार्जिनवर, म्हणजे थोडे पैसे भरून बाकी उधारीवर, आणखी शेअर उचलले. डोळ्यांसमोरची थप्पी सोडून मी मोबाईलवरच्या आकड्यावर भरवसा ठेवला.

ऑक्टोबरात तिमाही निकाल आले. शहरातली मागणी मंदावली, पामतेल महागल्याने नफा आटला, असं मोठमोठ्या कंपन्यांनीच सांगितलं. परदेशी संस्थांनी विक्रीचा सपाटा लावला. नोव्हेंबरअखेर सरकारी आकडा आला : जुलै ते सप्टेंबरमध्ये जीडीपीची वाढ 5.4 टक्के, पावणेदोन वर्षांतली सर्वांत कमी. गिऱ्हाइकाने हात आखडल्याचं माझ्या मुनीमाने त्याच्या कितीतरी आधी सांगितलं होतं.

भाव उतरत गेले तसे ब्रोकरने मार्जिनपोटी आणखी पैसे मागितले. भांडवल आधीच अडकलेलं, व्यापाऱ्यांची उधारी येईना. शेवटी एक गाडी विकली. तिच्यावरचा ड्रायव्हर मिसरूड फुटायच्या वयात माझ्याकडे लागला होता. त्याला दुसरीकडे काम शोधावं लागलं. शेअरचा तोटा मी वहीत मांडला. त्याचा मांडता आला नाही.

शेअर मी आजही घेतो, पण घरखर्च भागवून उरलेल्या पैशातून आणि कंपनीची विक्री किती वाढली ते वाचून. दर सोमवारी मुनीमाबरोबर थप्प्या मोजतो. तुमचं दुकान असो, शेती असो की कारखान्यातली नोकरी, मंदी तुमच्या दारात आधी येते, बातमीत नंतर. धंद्याचा पैसा तेवढा बाजारात नेऊ नका.