झिजलेली देवी

आईचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. बाहेर येऊन घेतला, तर ती म्हणते, ''टाक पार झिजलाय गं. नवरात्राच्या आत सोनाराकडून नवा करून घेते. जुना प्रवरासंगमाला सोडू.''

''अजिबात नाही!'' मी कॉरिडॉरमध्येच ओरडले.

आमच्या नगरच्या देवघरातला हा टाक म्हणजे मोहट्याची देवी. तळहातात मावेल एवढा पितळी पत्रा. आधी आजीनं आणि मग आईनं चिंच लावून तो इतका घासलाय, की देवीचे नाक-डोळे कधीच गेले. अंगठा फिरवला तरच कळतं, इथे चेहरा होता. आजी गेली, पण तिचा अंगठा त्या खळग्यात अजून आहे असं मला वाटतं. ती नवी, नाकीडोळी नीटस पाहुणी मला नकोच आहे.

लंच टाइममध्ये याच नादात नेटवर भरकटत थेट इजिप्तला पोचले. तिथली मातृदेवता आयसिस. (नावावरून दचकू नका, बाई फार जुनी आणि मायाळू आहे.) ब्राँझची, बहुतेकदा वीतभरच. डोक्यावर गाईची शिंगं, त्यांच्यामध्ये सूर्याची तबकडी, मांडीवर बाळ होरस आणि त्याला पाजायला छातीकडे नेलेला हात. इसवी सनापूर्वी ६६४ ते ३३२ या काळात अशा मूर्ती ढिगानं ओतल्या गेल्या. मेणाची मूर्ती करायची, वरून माती लिंपायची, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. भाविक त्या देवळाला वाहायचे. देवळात मूर्तींची फार गर्दी झाली, की पुजारी त्यातल्या कितीतरी आवारातच पुरून ठेवायचे. देवाला दिलेलं देवाचंच!

धातूचं ओतकाम आपल्याकडेही काही कमी जुनं नाही. प्रवरेकाठी, आपल्याच जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ साली ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडला. चौघांचं मिळून वजन साठ किलोंच्या वर. पण त्यात देवी नाही. ती भेटते घोडनदीकाठी, शेजारच्या पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची, कच्च्या मातीची. सोबत मातीची पेटी आणि मातीचा बैल, सगळं घराच्या जमिनीखाली ठेवलेलं. आणि देवीला डोकंच नाही! तुटलेलं नाही हं, मुळात केलेलंच नाही.

मला मुद्दा सापडला. संध्याकाळी लगेच फोन लावला. ''आई, चेहरा नसला तरी देवी चालते. पुरावा आहे माझ्याकडे.''

तिनं इजिप्तपासून इनामगावपर्यंत सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, ''म्हणजे त्यांनीही शेवटी पुरल्याच ना? मी पाण्यात सोडते, एवढंच.''

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शनिवारी नगरला चाललेय. सोडायचाच असेल तर मी सोडेन म्हटलंय. त्याआधी एकदा चिंच मला लावायचीय.