मिचेलबाईंचं पुणं

पुणे,
आषाढ

प्रिय भाचीबाई,


तुझं पत्र मिळालं. अ‍ॅबर्डीनला घर लागलं, मुलांच्या शाळा सुरू झाल्या, हे वाचून जीव भांड्यात पडला. मरिशल कॉलेजवरून जाताना तुला माझी आठवण झाली आणि तू विचारलंस, ‘मावशी, इथला तो मिशनरी पुण्यात कसा राहत असेल गं? त्याच्या बायकोने काय केलं असेल दिवसभर?’ असा प्रश्न विचारलास म्हणजे उत्तर लांबणार. चहा घेऊन बस.

त्याचं नाव जॉन मरे मिचेल. जन्म १८१५, शिक्षण त्याच कॉलेजात. तुला रोज दिसतो तो ग्रॅनाइटचा भव्य दर्शनी भाग मात्र १९०६चा, त्याने तो विद्यार्थी असताना पाहिलेला नाही. १८३८ साली तो मुंबईला आला, पुढे पुण्यातही त्याची वर्षं गेली. पण पुण्यात त्याच्या आधीच दुसरे मिचेल येऊन बसले होते. जेम्स मिचेल हे १८२३ साली कोकणात उतरले, बाणकोट-हर्णे बघून मग पुण्याला आले. जोतीराव फुले ज्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, ती याच मंडळींची. त्यामुळे आपल्या पुस्तकांत ‘मिचेलसाहेब’ आणि ‘मिचेलबाई’ दिसले की आधी विचारावं लागतं, कुठले?

प्रवासापासूनच सांगते. तुम्ही मुंबईहून निघालात आणि दुसऱ्या दिवशी घरी होतात. मुंबईच्या स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन आणि मार्गारेट यांचं लग्न १८२८च्या ऑगस्टमध्ये झालं, लगेच बोटीवर चढले आणि मुंबई दिसली ती १८२९च्या फेब्रुवारीत. संसाराचे पहिले महिने समुद्रावर! मुंबईहून पुणं म्हणजे आणखी एक मोहीम. भरती साधून होडीने पनवेलच्या खाडीत शिरायचं, तिथून पालखी किंवा गाडी. बोरघाटातून गाडीरस्ता झाला १८३०मध्ये. पुढे १८५८ साली खंडाळा ते पुणे आगगाडी सुरू झाली तरी घाटातला लोहमार्ग १८६३पर्यंत तयार नव्हता. तेवढ्यासाठी गाडीतून उतरायचं, पेट्या-वळकट्या हमालांच्या डोक्यावर, तान्हं मूल आयाच्या कडेवर, आणि घाट पार करून पलीकडे पुन्हा गाडीत बसायचं. आपण एक्स्प्रेस-वेवर लोणावळ्याला चिक्कीसाठी थांबतो, तिथे त्या बायका सामान मोजत उभ्या असायच्या.

घरातला दिवस उजाडायच्या आत सुरू व्हायचा, कारण उन्हं चढली की काम संपलं. सकाळी पंडित यायचा. सोवळंओवळं सांभाळणारा ब्राह्मण, साहेबाच्या घरचं पाणीही न पिणारा, पण समोर बसून ‘ळ’ घोटवून घेणारा. हाताशी पुस्तकंही नव्हती फारशी. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली निघाला, स्टीव्हन्सनचं व्याकरण १८३३ साली. हा स्टीव्हन्सनही मिशनरी म्हणूनच आलेला. म्हणजे आधी आलेल्यांनी मराठी शिकता शिकताच नंतर येणाऱ्यांसाठी पुस्तकं केली. रॉबर्ट नेस्बिट यांचं मराठी तर एतद्देशीय माणसासारखं होतं म्हणतात. तू तिथलं इंग्रजी कळत नाही म्हणून कुरकुरतेस, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

बायकांचं काय? मिशनने नेमलेला असायचा नवरा. बायको ‘सोबत’ गेलेली. पण पुण्यात, मुंबईत परक्या पुरुषाला कुठल्या घरच्या ओसरीच्या आत जाता येत होतं? मुलींपर्यंत, त्यांच्या आयांपर्यंत पोचायचं तर बाईच हवी. म्हणून मुलींच्या शाळा याच बायकांच्या हातात आल्या. मार्गारेट विल्सन काही महिन्यांत मराठी शिकल्या आणि आल्या वर्षीच मुलींच्या शाळा काढायला लागल्या. सावित्रीबाईंच्या शिक्षणाची हकीकत वाचलीस तर नगरच्या मिस फरार आणि पुण्याच्या मिसेस मिचेल ही दोन नावं येतातच. फरारबाईंना स्वतःचं नाव तरी आहे, सिंथिया. त्या अविवाहित होत्या, मिशनने त्यांनाच पाठवलं होतं. मिचेलबाई, म्हणजे जेम्सच्या पत्नी, आपल्या इतिहासात नुसत्या मिचेलबाई. पुण्यातल्या बायकांना शिकवायला तयार करणारी ही बाई, आणि तिचं माहेरचं नाव तर सोडच, स्वतःचं नावही आपण टिपून ठेवलं नाही.

आता त्यांच्या पत्रांबद्दल. मरे मिचेलची बायको मारिया लिहिणारी होती. तिच्या पत्रांचं आणि रोजनिशीचं पुस्तक १८७६ साली निघालं. अशी पत्रं खासगी म्हणून लिहिली जात, पण ती तिकडे चर्चमध्ये, बायकांच्या मंडळांत वाचून दाखवली जाणार हे लिहिणारीला पक्कं ठाऊक असायचं. वर्गणी त्यावर जमायची. मग पत्रात काय येणार? शाळेत किती मुली आल्या, कुणी श्लोक पाठ म्हटला, मूर्तिपूजेचा अंधार केवढा दाट आहे. तो ‘अंधार’ वाचताना आपल्याला राग येतो, यायलाच हवा. आपल्या आज्या-पणज्यांची कीव करत करत तिकडे पैसे गोळा झाले. पण त्यांच्या घरात काय चाललं होतं हे शोधायचं असेल, तर पत्रात जे ओझरतं येऊन जातं तिकडे बघावं: ताप, आजारपणं, हवापालट, आणि मुलांना ‘घरी’ पाठवण्याच्या तारखा.

घरी म्हणजे स्कॉटलंडला. इथे जन्मलेलं, आयाच्या मांडीवर मराठी बोलायला शिकलेलं मूल सहा-सात वर्षांचं झालं की बोटीवर चढवायचं. इथली हवा सोसणार नाही, हे एक कारण. ते इथलंच होऊन जाईल, हे दुसरं. मार्गारेट विल्सन १८३५च्या एप्रिलमध्ये मुंबईतच गेल्या. संसार सहा वर्षांचा. त्यांच्या दोघी बहिणी, अ‍ॅना आणि हे (Hay), मागाहून इकडे आल्या आणि शाळा त्यांनी हाती घेतली. म्हणजे एक बहीण गेली त्या गावी दोघी जणी होऊन आल्या! मार्गारेटचा अँड्र्यू १८३१चा. तिकडे वाढला, पण पाय टिकेना. पुन्हा हिंदुस्थानात आला, वर्तमानपत्रं चालवली, आणि प्रकृती ढासळलेली असताना हिमालयाच्या पलीकडच्या अंगाने भटकून १८७५ साली ‘द अबोड ऑफ स्नो’ हे प्रवासवर्णन लिहिलं. बापाचा धर्मोपदेश त्याने उचलला नाही, भटकंती तेवढी उचलली.

भटकंतीवरून सहलींकडे येते, तुला त्यातच रस. या लोकांची सहल आणि काम यात भिंत नसायची. थंडीत दौरे निघत. तंबू, बैलगाडी, पुस्तकांच्या पेट्या. आळंदी, देहू, जेजुरी, पंढरपूर, जिथे जत्रा तिथे मिशनरी. आपली माणसं देवाला जात, हे देवाला जाणाऱ्यांना गाठायला जात. गंमत अशी, की वादासाठी गेलेला माणूस अभंगात अडकायचा. मरे मिचेलने तुकारामांवर लिहिलं, मराठी कवींवर लिहिलं. पुढच्या पिढीत पुण्याच्याच निकोल मॅकनिकॉल यांनी आपल्या संतांच्या अभंगांचं इंग्रजी पुस्तक केलं, १९१९ साली. त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी १९२३ साली हिंदुस्थानातल्या कवयित्रींच्या कवितांचा संग्रह काढला. तोवर बाईच्या नावावर तिचं पुस्तक येऊ लागलं होतं.

खरी कुटुंबाची सहल उन्हाळ्यातली. सिंहगडावर गोऱ्यांचे बंगले होते, आणि ज्यांना जमे ते महाबळेश्वरला जात. १८२८पासून माल्कम पेठ वसली आणि मिशनरी तिथले नेमाचे पाहुणे झाले. अमेरिकन मिशनचे अ‍ॅलन ग्रेव्ह्ज प्रकृतीमुळे तिथेच राहिले आणि १८४३ साली तिथेच गेले. पुढे नव्या मिशनऱ्यांचे मराठीचे वर्गही तिथेच भरू लागले. म्हणजे सुट्टीतही सुटका नाही! नगरकडचे फेअरबँक पाद्री मात्र खरे रसिक. ते पक्षी बघत. खंडाळा, महाबळेश्वर, बेळगावच्या पक्ष्यांवरचं त्यांचं टिपण एका पक्षिविषयक नियतकालिकात छापून आलं, आणि दक्षिणेतल्या पळणी डोंगरातल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात फेअरबँक आजही आहेत. पावसाची चाहूल लागली की मात्र सगळ्यांनी गाशा गुंडाळून खाली उतरायचं. भिंती धुऊन जाऊ नयेत म्हणून बंगल्यांना गवताचे पडदे बांधायचे आणि चार महिने महाबळेश्वर पावसाच्या हवाली.

हे सगळं वाचून तुला ती कुटुंबं गोड वाटायला लागली असतील, तर थांब. त्यांच्या घराचा उंबरठा आपल्या लोकांना फार महाग पडला. १८४३ साली नारायण शेषाद्रीने मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, बारा-एक वर्षांचा, नेस्बिटच्या घरी राहत होता. बापाने कोर्टात धाव घेतली, कोर्टाने मुलगा बापाच्या हवाली केला. मग आपल्या लोकांत वाद पेटला, की मिशनऱ्याच्या घरचं अन्न पोटात गेलेल्या मुलाला परत घ्यायचं कसं? बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले, प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत घ्यावं म्हणाले, आणि स्वतः शिव्याशाप खाल्ले. एका घरातली दोन पोरं, एक या काठावर, एक त्या काठावर. त्या आईने काय केलं असेल, हे कुणीच लिहून ठेवलं नाही. तिची पत्रं वाचून दाखवायला मंडळ नव्हतं.

अन्न राहू दे, नुसत्या चहाने काय केलं ते तर पुण्यातलं शेंबडं पोरही सांगेल. १८९०च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे आणि इतर प्रतिष्ठित मंडळी गेली, पुढ्यात चहा-बिस्किटं आली. गोपाळराव जोश्यांनी नावं छापून आणली आणि पुण्यात वणवा पेटला. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, प्रायश्चित्तं झाली. पंचहौदला संसारी पाद्री नव्हते, तिथे व्रतस्थ फादर होते, पण मुद्दा तोच. कुणाच्या घरी काय तोंडात घातलं, यावर माणसाची जात ठरत होती.

आणि आतून बघायचं असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ काढ. नगरचे ह्यूमसाहेब, राहुरीचे डॉक्टर बॅलंटाइन, हे लोक तिथे आपल्या बाईच्या नजरेने दिसतात. ही नजर वर्गणीदारांकडे बघून लिहिणारी नाही, म्हणून मला तिचा जास्त भरवसा वाटतो.

माझं म्हणणं एवढंच, की मिशन व्यासपीठावरून चाललं नाही, घरातून चाललं. शाळा घराच्या व्हरांड्यात भरली, भाषा घरात शिकली गेली, माणसं घरात येऊन बदलली किंवा बाटली म्हणून हाकलली गेली. त्याची किंमतही घरांनीच भरली, त्यांनी पोरं बोटीवर चढवून, आपल्यांनी पोरांच्या नावाने आंघोळ करून. सावित्रीबाई घडल्या त्या अशाच एका घराच्या आसपास, आणि एक श्रीपत आईपासून तुटता तुटता वाचला तोही अशाच घरातून. यातलं एक पान फाडून दुसरं वाचता येत नाही. ‘उपकार केले’ म्हणणारे आणि ‘बाटवायला आले’ म्हणणारे, दोघेही हे करतात, म्हणून मला त्या वादात बसायला कंटाळा येतो.

डिसेंबरात याल तेव्हा मुलांना गुरुवार पेठेत घेऊन जाऊ. पंचहौदचं १८८५ सालचं पवित्र नाम देवालय आणि त्याचा घंटांचा मनोरा दाखवू. तिथून जवळच मंडई, म्हणजे जावयांची अळवाची पानंही होतील. अ‍ॅबर्डीनच्या एखाद्या जुन्या ग्रंथालयात मिशनचे कागद असतील, तर जेम्सच्या बायकोचं नाव तेवढं शोधून कळव. घाई नाही.

मुलांना गोड पापा. आईला फोन करत जा, ती बोलून दाखवत नाही.

तुझी,
मावशी