चेट्टिनाडच्या वाड्यातला पाहुणचार

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात १८०३ साली कोरलेलं ‘भोसलेवंशचरित्र’ आहे. त्या लांबच लांब मराठी शिलालेखातल्या लागतील तेवढ्या ओळी आईला वाचून दाखवता दाखवता उन्हं चढली. तंजावरहून आपली मराठी मंडळी बहुतेक थेट मदुराई-रामेश्वरची वाट धरतात. आम्ही मधेच चेट्टिनाडला मुक्काम करायचं ठरवलं होतं. पुदुक्कोट्टै मागे पडलं, डावी-उजवीकडे ताडाची झाडं, काटेरी झुडपं आणि अर्धवट भरलेले तलाव सुरू झाले. तिरुमयमचा किल्ला गाडीतूनच पाहिला. आईच्या गुडघ्यांना तो चढ झेपला नसता.

एवढ्या कोरड्या मुलखात एकाएकी राजवाड्यांसारख्या घरांच्या रांगा लागतात. कानाडुकात्तान हे त्यातलं एक गाव. कराईकुडीपासून पंधराएक किलोमीटरवर. चेट्टिनाड म्हणजे अशी सत्तरच्या वर गावं. नाट्टुकोट्टै चेट्टियार या व्यापारी समाजाने सावकारीच्या निमित्ताने ब्रह्मदेश, श्रीलंका, मलायापर्यंत पेढ्या काढल्या आणि तिथे मिळवलेला पैसा गावाकडच्या घरांत ओतला. सागवान ब्रह्मदेशचं, संगमरवर इटलीचा. एकेक वाडा इतका लांब की पुढचं दार एका रस्त्यावर आणि मागचं थेट पुढच्या रस्त्यावर. १९४२ साली जपानने ब्रह्मदेश घेतला, तिथल्या जमिनी आणि पेढ्या हातच्या गेल्या, आणि हळूहळू वाड्यांना कुलपं लागली. आज एकेका वाड्याला कितीतरी वारस. दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा हे ठरत नाही, म्हणून काही वाडे पडतात, काही पाडले जातात आणि त्यांचे कोरीव खांब-दरवाजे कराईकुडीच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात येतात. २०१४ साली ही गावं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पण छपरावरची फुटलेली कौलं यादीमुळे बदलत नाहीत. ती बदलायला घरात माणसांचा वावर लागतो, रोजची मिळकत लागते. हॉटेल झालेल्या वाड्यांकडे मी त्या नजरेने पाहते.

आम्ही उतरलो तो वाडा असाच. मोजक्या खोल्यांचं बुटीक हॉटेल. बाहेर तिन्नई, म्हणजे रस्त्याकडेची रुंद ओटी, तिथे बसवून आधी हातात आलं-कढीपत्ता घातलेलं पातळ ताक दिलं. नाव-पत्ता, आधार कार्ड वगैरे सोपस्कार नंतर तिथेच बसल्या बसल्या झाले. काउंटरपुढे उभं राहावं लागलं नाही.

या वाड्यांचे उंबरठे उंच असतात. आईने पहिला उंबरठा माझा खांदा धरून ओलांडला, दुसऱ्याला क्षणभर थांबली. एवढंच. खोली वरच्या मजल्यावर होती आणि जिना खडा. आम्ही ताक संपवून आत जाईपर्यंत सामान तळमजल्यावरच्या, चौकाला लागून असलेल्या खोलीत पोचलं होतं. संध्याकाळी पाहिलं तर आईच्या वाटेवरच्या प्रत्येक उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बुटका लाकडी पाट. न्हाणीघरात प्लास्टिकची खुर्ची आणि नळाशी रबराची चटई.

“अगं, माझ्या गुडघ्याचं यांना सांगितलं कोणी?” आईने विचारलं.

मी सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते आईच्या त्या क्षणभराच्या थांबण्याने, आणि ते पाहिलं होतं खोल्यांची झाडलोट पाहणाऱ्या एका बाईंनी. पन्नाशीच्या, गावातल्याच. त्यांच्या सासूबाई याच वाड्यात, घर नांदतं होतं तेव्हा, कामाला होत्या. कोणत्या पायरीवर पाय घसरतो, कोणत्या खोलीत दुपारी ऊन येतं, पाऊस आला की चौकातलं पाणी कुठून वाहतं, हे सगळं त्यांना पाठ. आई त्यांना ‘अक्का’ म्हणू लागली, त्या आईला ‘अम्मा’. एकीची मराठी, दुसरीची तमिळ. दोघी तासभर कसल्या गप्पा मारत होत्या ते मला आजही कळलेलं नाही, पण गुडघ्याला लावायचं कसलं तरी तेल रात्री खोलीत आलं.

मोठ्या हॉटेलांची सेवा मला ठाऊक आहे. कामानिमित्त पुष्कळ ठिकाणी राहिले आहे. तिथे पाठ केलेलं हसू असतं, उशीवर चॉकलेट असतं, निघताना समाधान किती हे विचारणारा फॉर्म असतो. त्यात वाईट काही नाही. पण तिथे आपण खोलीच्या क्रमांकाने ओळखले जातो. इथे दुसऱ्या दिवशी सकाळी फिल्टर कॉफी आली ती माझी साखरेची आणि आईची बिनसाखरेची, न विचारता. आदल्या रात्री खोलीतला उजेड वाचायला कमी पडतो असं मी मॅनेजरना सहज बोलले होते. पलंगाशी टेबलावरचा दिवा आणून ठेवलेला होता.

जेवण केळीच्या पानावर. स्वयंपाकीण आधी बाहेर येऊन विचारून गेली: तिखट कितपत चालेल, कांदा-लसूण खाता ना? चेट्टिनाडचं मटण-कोंबडी प्रसिद्ध, पण आई शाकाहारी. तिच्यासाठी भेंडीची मंडी केली होती. तांदळाच्या धुवणात, चिंचेच्या कोळात शिजवलेली भेंडी. आईने दोनदा मागून घेतली. मग काळ्या तांदळाची कवुनी अरिसी: नारळ, साखर, तूप घातलेली, जांभळट, दाट. हा तांदूळ ब्रह्मदेशातून आला असं इथले लोक सांगतात. वाढणारा मुलगा पानाकडे पाहत असायचा, तोंडाकडे नाही. भाताचा ढीग निम्म्यावर आला की रस्सम हजर. आग्रह बेताचा, आपण पानावर हात आडवा धरला की थांबणारा.

दुपारी आई स्वयंपाकघरात गेली. पाट्यावर वाटण चाललं होतं. जवळच्या डब्यातून तिने काहीतरी उचललं, हुंगलं आणि मला हाक मारली. “हे बघ, दगडफूल!” आपल्या गोड्या मसाल्यातलं ते काळसर, कागदासारखं दगडफूल इथल्या मसाल्याचाही कणा आहे. इथे त्याला कल्पासी म्हणतात. त्यानंतर स्वयंपाकीण आणि आई यांच्यात हातवारे करून जी चर्चा झाली, तिचा निकाल म्हणजे रात्रीच्या जेवणात आईला झेपेल इतकंच तिखट.

बाकी पाहुण्यांचे अनुभव जेवताना कानावर येत होते. क्वालालंपूरहून आलेलं एक तमिळ कुटुंब आजोबांचं घर शोधत होतं. हाती फक्त गावाचं नाव आणि एक जुना फोटो. मॅनेजरने फोटोतल्या दर्शनी भागावरच्या लक्ष्मीच्या मूर्तीवरून गल्ली ओळखली, राखणदाराला गाठून कुलूप उघडवलं. संध्याकाळी ती मंडळी परतली तेव्हा कोणी फारसं बोलत नव्हतं. त्यातल्या आजी डोळे पुसत होत्या. पुण्याचं एक जोडपं मात्र एका रात्रीतच कराईकुडीच्या हॉटेलात हललं. खोलीत टीव्ही नाही, इंटरनेट येतं-जातं, पहाटे देवळाचा लाउडस्पीकर. त्यांची तक्रार खोटी नव्हती, या गोष्टी होत्याच. अशा ठिकाणी येताना आपल्याला नेमकी कसली विश्रांती हवी आहे ते आधीच ठरवलेलं बरं.

हॉटेलच्या लोकांनीच आम्हाला आत्तंगुडीला पाठवलं. वाड्याची जमीन ज्या फरशांची आहे त्या तिथे आजही हाताने होतात. कारागीर काचेच्या तुकड्यावर लोखंडी साचा ठेवतो, साच्याच्या कप्प्यांत रंगीत सिमेंट पळीने ओततो, साचा अलगद उचलतो. वर कोरडं सिमेंट-वाळू भुरभुरतो, मग ओला गिलावा थापून सपाट करतो. भट्टी नाही. फरशी वाळते, पाण्यात मुरते आणि मग वडी ताटातून सुटावी तशी काचेवरून सुटते. चकाकी येते ती काचेची. तिच्यावर जितका वावर, तितकी ती गुळगुळीत होत जाते असं कारागीर म्हणाला. परतल्यावर मी चौकात अनवाणी चालून पाहिलं. बाहेर अंगाची काहिली आणि पायाखाली गारवा. जाड भिंती, उघडा चौक, चुन्यात अंड्याचा पांढरा बलक घालून घोटलेला गिलावा हे सगळं मिळून दुपारी वातानुकूलन न लावता झोप लागते. खोलीत एसी होता. आम्ही तो फक्त रात्री लावला.

निघायच्या सकाळी पिळ्ळैयारपट्टीच्या कर्पग विनायकाचं दर्शन घेतलं. खडकात कोरलेला, दोनच हातांचा, उजव्या सोंडेचा गणपती. अष्टविनायक केलेल्या आईला तिथून हलवणं अवघड गेलं. हॉटेलमधून बांधून दिलेल्या इडल्या आम्ही देवळाबाहेर खाल्ल्या. आईच्या पुड्यावर चटणी वेगळी, बिनमिरचीची.

खोलीचं भाडं कमी नव्हतं. तरीही मी ते रास्त मानते, कारण त्यातला मोठा वाटा गावातल्याच माणसांच्या पगारात आणि एका जुन्या छपराच्या डागडुजीत जातो, हे डोळ्यांनी दिसत होतं. तुम्ही जाणार असाल तर डिसेंबर ते फेब्रुवारीत जा, एका रात्रीवर भागवू नका. वयस्कर माणसं बरोबर असतील तर आरक्षण करतानाच तळमजल्याची खोली मागा. आणि जेवणाचं सकाळीच सांगून ठेवा, इथे मसाला रोजच्या रोज वाटतात.